सुखदेवच्या नावावरचा हँडब्रेक

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायची कला मला नोकरीतच साधली होती. अमरावतीच्या बसस्टँडवर मी कंट्रोलर होतो. खिडकीशी येऊन कोणी विचारलं, अकोला गाडी केव्हा लागणार, की "लागेलच" म्हणायचं आणि कागदात डोकं घालायचं. माणूस थोडा वेळ उभा राहतो, मग आपोआप निघून जातो. माझं मन पुष्कळदा माझ्याच खिडकीशी येऊन उभं राहिलं आणि मी त्यालाही "लागेलच" म्हणत आलो.

यंदाच्या उन्हाळ्यात सुखदेव गेला. तेरवी अकोल्याला, त्याच्या लेकीच्या घरी होती. पंगतीत त्याचा मुलगा गजानन बुंदी वाढत होता. वाढता वाढता शेजारच्या पाहुण्याला म्हणाला, "बाबाचं डोकं तवापासूनच कमी झालतं. त्या पोट्टीले गाडी शिकवताना हँडब्रेक इसरले ना, तवापासून." पंगतीतल्या साऱ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा हलवली. गजाननने माझ्या पानात दोनदा बुंदी वाढली, कारण मी नाही म्हणायला विसरलो होतो.

तर आता लिहून टाकतो. सुखदेव हँडब्रेक विसरला नव्हता. तो पुष्कळ गोष्टी विसरायचा, पण ती नाही.

सुखदेव आमच्या समोर राहायचा. गल्ली एवढी अरुंद की त्याच्या घरी फोडणी पडली की शिंका आमच्या घरी यायच्या. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर त्याचा मळा होता. झेंडू, शेवंती, वांगी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. पहाटे पिकअप भरायची, अमरावतीच्या बाजारात उतरवायची आणि सणासुदीला अकोल्यापर्यंत जायचं. देह असा की तो गाडीत बसला की गाडी आधी त्याच्या बाजूला कलायची आणि मग सुरू व्हायची. शर्टाच्या खिशात नेहमी एक कांदा. उन्हाळ्यात आमच्याकडे बरेच जण ठेवतात, लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून. सुखदेव दिवाळीतही ठेवायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "लू काय तुमची बस हाय, टाइमावर येवाले?" दुपारी तोच कांदा बुक्कीने फोडून भाकरीबरोबर खायचा आणि खिशात नवा घालायचा.

त्याच्या पिकअपचा हॉर्न मी कधी ऐकला नाही. तो कोणे एके काळी बंद पडला आणि सुखदेवने दुरुस्त केला नाही. देवाने तोंड दिलं असताना मिस्त्रीला पैसे कशाला, हा त्याचा सवाल. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो ओरडायचा, "बाजूले." या एका शब्दाचे त्याच्याकडे तीन सूर होते. एक ढोरांसाठी, एक माणसांसाठी आणि तिसरा लग्नाच्या वरातीसाठी. वरातीचा सूर सगळ्यांत मऊ होता, कारण नवरदेव आधीच अडचणीत असतो असं त्याचं मत.

त्याची एक बढाई साऱ्या गल्लीला पाठ होती. "आपल्या हातानं गाडीले आजवर खरोच नाई." हे तो ज्या गाडीला टेकून म्हणायचा, ती गाडी भाजलेल्या वांग्यासारखी दिसायची. कोणी पोच्यांकडे बोट दाखवलं की तो प्रत्येकाचा इतिहास सांगायचा. हा बैलानं केला. हा ट्रकवाल्यानं केला. हा माह्या साळ्यानं, मांगून घेऊन गेलता. सगळे पोचे दुसऱ्यांचे, त्याच्या हातचा एकही नाही. आम्ही हसायचो, पण खोटं ठरवू शकत नव्हतो. अंगावरच्या एखाद्या दागिन्यासारखी ती बढाई तो वागवायचा. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे त्याने तोच दागिना काढून दिला.

आता माझ्या नातीबद्दल सांगतो. ऋतुजा. तिचे आईवडील दोघेही नोकरीने धारणीला, म्हणून कॉलेजसाठी ती आमच्याकडे राहायची. पोरगी हुशार, पण आवाज असा की वर्गात "हजर" म्हणायची ते तिच्या बाकालाच ऐकू जायचं. रोज कॉलेजात जाणाऱ्या पोरीच्या गैरहजेरीचा निरोप घरी यायचा. ऑटोवाला तिला दोन चौक पुढे नेऊन सोडायचा, कारण "थांबा" हे तिने मनातच म्हटलेलं असायचं. तिला अठरा पूर्ण झाली तेव्हा माझ्या मुलाने एक छोटी पांढरी गाडी आणून आमच्या पोर्चमध्ये उभी केली. म्हणाला, "बाबा, हिला गाडी शिकवा. निदान हॉर्न तरी वाजवेल."

आधी तिला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक होता आणि तो माणूस हौसेने दाबायचा. आठवड्याभराने ऋतुजा घरी येऊन म्हणाली, "आबाजी, गाडी मी चालवते का तो, तेच समजत नाही मले." आणि तिने जायचं सोडलं.

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. तीस वर्षं ड्रायव्हर लोकांना मार्गाला लावणारा माणूस घरात असताना शिकवणी कशाला? मीही मान डोलावली. तिच्या शेजारी बसलो आणि शिकवायला लागलो. माझं शिकवणं दोनच शब्दांचं होतं. "समोर पाहा." ती आरशात पाहायला लागली की समोर पाहा, गियर पाहायला लागली की समोर पाहा. समोरच पाहत असली तरी समोर पाहा. चौथ्या दिवशी ऐन राजकमल चौकात गाडी बंद पडली. मागे बस, बाजूला ऑटो, सगळ्यांचे हॉर्न. मागच्या बसचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा निघाला. त्याने खिडकीतून आवाज दिला, "कंट्रोलर साहेब, तुमीच घ्या ना हातात."

मी म्हणालो, "नाही, तिलाच शिकू द्या."

चौकातल्या लोकांना तो माझा मोठेपणा वाटला असेल. खरं कारण मी जरा पुढे सांगतो.

तेवढ्यात मागून "बाजूले" ऐकू आलं, माणसांसाठीच्या सुरात. सुखदेवने आपली पिकअप चौकाच्या मधोमध सोडली, आमच्या गाडीचं दार उघडलं आणि मला म्हणाला, "कंट्रोलर, तुमी मांगं बसा." तो पुढे बसला तशी गाडी त्याच्या बाजूला कलली. त्याने ना क्लचचं विचारलं ना गियरचं.

"काय खाल्लं सकायी?"

"पोहे," ऋतुजा कशीबशी म्हणाली.

"कांदा होता त्यात?"

"हो."

"मंग कर चालू. काई होत नाई."

गाडी चालू झाली. कांद्याचा आणि स्टार्टरचा काय संबंध, ते मला आजही माहीत नाही. मला वाटतं, तिला ज्याचं उत्तर नक्की येतं असा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी तिला विचारला होता.

त्या दिवसापासून शिकवणी त्याच्याकडे गेली. पैशाचा विषय काढला तर म्हणाला, पोट्टी मले काकाजी म्हणते, आता फी घेतली तर काका राहीन का मास्तर होईन? त्याच्या शिकवण्याला काही धड पद्धत नव्हती. पुष्कळसं तर चूकच होतं. इंडिकेटर ही मुंबई-पुण्याची थेरं आहेत, असं तो तिला मनापासून सांगायचा. हात दाखवला की बास. एकदा आपण मंत्र्याची गाडी चालवली होती, ही गोष्ट त्याने तिला निदान चार निरनिराळ्या मंत्र्यांबद्दल सांगितली.

पण पहिल्याच दिवशी तो तिला म्हणाला, "हे पाह्य ऋतू. भेव सगळ्याइले वाटते. भेव गाडीत बसनच. त्याले खाली उतरवता येत नाई. फक्त सामोर नाई बसू द्याचं. त्याले मांगच्या सीटवर बसवाचं."

तिने आरशात पाहिलं. मागच्या सीटवर मी होतो. दोघंही बराच वेळ हसली आणि मी समोर पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तो तिला गाडीऐवजी बाजारात घेऊन गेला. ज्याले भाव सांगता येत नाई त्याले ओवरटेक करता येत नाई, असं त्याचं म्हणणं. सांबाराच्या जुड्यांपुढे तिला बसवलं आणि म्हणाला, ओरड. पोरगी तासभर गप्प. सांबार कोमेजायला लागलं. शेवटी एक बाई जुडी उचलून पैसे न देताच चालायला लागली, आणि ऋतुजाच्या गळ्यातून असा आवाज निघाला की समोरचा केळीवाला उठून उभा राहिला. बाई परत आली. सुखदेवने तिच्याकडून पैसे घेतले आणि तिला एक जुडी फुकट दिली. नंतर मला कळलं, ती बाई त्याची वहिनी होती आणि तिला त्यानेच पाठवलं होतं.

मग ते नांदगावच्या रस्त्याला लागले. संध्याकाळी तिकडे रहदारी कमी असते. मी मागे, माझ्या जागेवर. गाडी गावाबाहेर पडली की सुखदेव डोळे मिटून घ्यायचा. पहिल्या दिवशी मी घाबरून त्याला हलवलं. तो डोळे न उघडताच म्हणाला, "मी डोये उघडे ठेवले तर पोट्टी माह्या डोयानं पाह्यन. तिले तिचे डोये हायत." थोड्या वेळाने तो घोरायलाही लागला. ते घोरणं खरं होतं की नाटक, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. ऋतुजा म्हणते नाटक. मी मागून पाहत होतो. मला ते खरं वाटलं, आणि मला तेच जास्त मोठं वाटतं. माणूस जिच्या भरवशावर खरोखर झोपतो, तिला आणखी काय शिकवायचं राहतं?

एकदा रस्त्यात म्हैस आडवी बसली होती. ऋतुजाने गाडी थांबवली, हॉर्न दिला. म्हैस हलेना. तिने सुखदेवला हाक मारली, तर हा घोरतोय. शेवटी तिने काच खाली केली, अर्धी बाहेर आली आणि ओरडली, "बाजूले." म्हैस उठली. सुखदेव डोळे मिटूनच म्हणाला, "हा माणसाइचा सूर झाला. ढोराइचा थोडा खालून धराचा."

त्याची एक सवय तर मला निव्वळ खुळेपणाची वाटायची. अकोल्याला जाताना मूर्तिजापूरजवळ शकुंतलेचे, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या छोट्या रेल्वेचे, अरुंद रूळ लागतात. गाडी बंद होऊन वर्षं झाली, रुळांमध्ये गवत वाढलं. तरी सुखदेव तिथे पिकअप थांबवायचा, दोन्हीकडे पाहायचा आणि मगच पुढे जायचा. मागचे लोक शिव्या द्यायचे. मी विचारलं तर म्हणाला, "गाडी बंद झाली, साहेब. पटरी कोठी बंद झाली?"

आता माझ्याबद्दल. मला गाडी चालवता येत नाही.

लायसन्स आहे. तरुणपणी मिळालं, कसं ते विचारू नका. पण रस्त्यावर मी कधी गाडी नेली नाही. तीस वर्षं मी ड्रायव्हर लोकांना उशिराबद्दल झापलं, घाटात गाडी कशी उतरवावी यावर त्यांना भाषणं दिली. अपघात झाला की चूक कोणाची ते माझ्यापुढे ठरायचं. एकदा हा माणूस सगळं जाणतो असं लोकांनी ठरवलं, की शिकायला जायची सोय राहत नाही. बायकोलाही मी सांगून ठेवलं होतं की मला डोळ्यांमुळे चालवायला मनाई आहे.

पण ऋतुजा शिकायला लागली आणि मला मनातून फार हाव सुटली. म्हणून मी पहाटे उठायचो. फिरायला जातो म्हणून बाहेर पडायचो आणि पोर्चमधल्या गाडीत जाऊन बसायचो. किल्ली लावायचो नाही. क्लच दाबायचा, गियर टाकायचा, हँडब्रेक सोडायचा, पाय ब्रेकवर ठेवायचा आणि मनातल्या मनात बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. कधी कधी वळणावर अंगही झुकवायचो. अकोल्याला पोचलो की हँडब्रेक ओढायचा, गाडी पुन्हा पहिल्या गियरमध्ये टाकायची, कारण सुखदेवने ऋतुजाला तसंच उभी करायला शिकवलं होतं, आणि घरात येऊन चहा प्यायचा. पोर्चपासून गल्लीपर्यंत उतार होता. गल्लीपलीकडे सुखदेवचं अंगण.

दसऱ्याच्या आदल्या दिवसाची पहाट. सुखदेवच्या अंगणात ताडपत्रीवर झेंडूचा ढीग घातला होता, कंबरेएवढा. मागे त्याची पिकअप. सणाचा माल, त्याचे वर्षातले सर्वांत महत्त्वाचे दोन दिवस. मी नेहमीप्रमाणे अकोल्याला निघालो होतो आणि मूर्तिजापूरच्या जरा अलीकडे होतो, तेवढ्यात घरातून बायकोची हाक आली. रोजच्यापेक्षा लवकर. ती बाहेरच्या दाराशीच येत होती. मी दचकून गियर न्यूट्रलला आणला, हँडब्रेक ओढला, ओढल्यासारखा मला वाटला, आणि पहिला गियर न टाकताच बाहेर उडी मारली. एक चप्पल आतच राहिली. दार हळूच लोटलं आणि ओट्यावर जाऊन पेपर उघडून बसलो. तिने विचारलं, फिरून आलात? मी म्हणालो, आलो. तिने चहा दिला.

पहिला घोट घेतला आणि गाडी हलली. आधी वाटलं मीच हललो. मग ती अगदी शांतपणे, एखादी म्हातारी देवळाच्या पायऱ्या उतरते तशी, उतारावरून गेली, गल्ली ओलांडली, सुखदेवच्या अंगणात शिरली, झेंडूच्या ढिगात बॉनेटपर्यंत घुसली आणि मागच्या पिकअपला टेकून थांबली. काच फुटल्याचा आवाज झाला. मग काही नाही. टपावर काही फुलं जाऊन पडली होती. माझ्या हातातला कप तसाच होता.

सगळी गल्ली गोळा झाली. सुखदेवच्या शेजारणीने सगळ्यांत आधी तोंड उघडलं. म्हणाली, दसऱ्याची पूजा उद्या आहे, हिला आजच घाई झाली. लोक हसायला लागले. मग कोणी तरी विचारलं, काल गाडी कोणी उभी केली होती?

काल संध्याकाळी शिकवणीनंतर ऋतुजाने उभी केली होती.

ती घरातून बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना अजून फणी लागली नव्हती. तिने गाडी पाहिली, फुलं पाहिली. तिचा आवाज पुन्हा जुना झाला होता. "मीच असेन," ती म्हणाली. "ओढला का नाही, आठवत नाही मले. काकाजी, मी पुन्हा गाडीला हात नाही लावणार." आठवड्याभराने तिची लायसन्सची परीक्षा होती. आणि मी, जो सांगू शकत होतो, तो ओट्यावर एका पायात चप्पल घालून उभा होतो.

सुखदेवने गाडीचं दार उघडलं आणि आत वाकला. बराच वेळ वाकलेलाच होता. बाहेर आला तेव्हा त्याने आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग वळून ऋतुजाकडे.

"तू ओढला होता वं," तो म्हणाला. "म्या पाह्यलं न आपल्या डोयानं. तू घरात गेल्यावर मी पुन्हा बसलो होतो, माहा कांदा खाली पडला होता, तो पाह्याले. तवा माह्याच हातानं सुटला असन. रातभर कसाबसा धरून होता बिचारा. म्याच इसरलो."

मग कोणी तरी म्हणालं, "सुखदेवभाऊ, म्हणजे तुमच्या हातची पहिली खरोच."

"हो," सुखदेव म्हणाला. "झाली एकदाची." आणि त्याने खिशातला कांदा काढून पाहिला आणि परत ठेवला.

संध्याकाळी माझी चप्पल माझ्या ओट्यावर होती. नीट, दाराकडे तोंड करून. तळाला एक केशरी पाकळी चिकटलेली. बायकोने आणून ठेवली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. "लागेलच."

ऋतुजाने पुन्हा गाडी हातात घेतली. काकाजीसारखा माणूस विसरू शकतो तर मी कोण, असं ती म्हणाली, आणि त्याने तिची भीती उलट कमीच झाली. परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टरने नाव विचारलं तेव्हा तिने ते बाजारातल्या आवाजात सांगितलं. तो साहेब खुर्चीत मागे सरकला. पास झाली.

इथे थांबलं असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण त्या दिवाळीत गजानन माझ्याकडे आला. बाप थकला, विसरतो, उद्या भरल्या गाडीने काही केलं तर? तुम्ही आयुष्यभर ड्रायव्हर पाहिले, तुमचं काय मत? मला बोलायला इतकी सरळ संधी देवानेसुद्धा पुन्हा दिली नसती. मी चष्मा काढून पुसला. कंट्रोलरच्या आवाजात म्हणालो, "वय झालं की आम्ही ड्रायव्हरला गाडीवरून उतरवत होतो. टेबलाचं काम देत होतो. त्यात कमीपणा नाही."

गजाननने किल्ली काढून घेतली. सुखदेवने वाद घातला नाही. तो आपल्याच पिकअपमध्ये दुसऱ्या बाजूला बसायला लागला. गाडी गजानन चालवायचा आणि हॉर्न सुखदेव वाजवायचा. काही दिवस बरे गेले. मग गजाननने मिस्त्रीकडे नेऊन गाडीला हॉर्न बसवून घेतला, चांगला, तीन सुरांचा. त्यानंतर सुखदेवला गाडीत काही कामच उरलं नाही. पुढच्या वर्षी तो लेकीकडे राहायला अकोल्याला गेला.

मागच्या दिवाळीनंतर ऋतुजा मला त्याच्याकडे घेऊन गेली. आता ती अकोल्यालाच शेतकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दर सुटीला स्वतः गाडी घेऊन येते. मी मागच्या सीटवर बसलो, सवयीने. बडनेऱ्यापासून मी वाक्य जुळवत होतो. सुखदेव, त्या दिवशी. नाही. सुखदेव, तुला माहीतच आहे. नाही. मूर्तिजापूरजवळ शकुंतलेचे रूळ आले. ऋतुजाने गाडी थांबवली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मागच्या ट्रकने शिवी हासडली. तिने काच खाली करून त्याला उत्तर दिलं, माणसांच्या सुरात, आणि गाडी पुढे काढली.

सुखदेव दारातच बसला होता. निम्मा झाला होता. डोळ्यांना कमी दिसायचं. खिशात कांदा होताच. त्याला गाडीत बसायचं होतं म्हणून ऋतुजाने त्याला पुढे बसवलं आणि अकोल्याच्या गल्ल्यांतून फिरवून आणलं. त्याने डोळे मिटून घेतले, आता त्याने काही फरक पडत नव्हता तरी. परत दाराशी आल्यावर ती त्याच्या लेकीला आणलेला फराळ द्यायला आत गेली. गाडीत आम्ही दोघं म्हातारे उरलो. मी मागे, तो पुढे. रस्त्याला थोडा उतार होता.

सुखदेवने हात पुढे केला, चाचपत हँडब्रेकवर ठेवला, जरा ओढून पाहिला.

"वढला हाय," तो म्हणाला. "पोट्टी इसरत नाई."

मी म्हणालो, "नाही विसरत."

मग त्याने मागे न पाहता विचारलं, "कंट्रोलर, तुमी अजून बसता का सकायी गाडीत?"

तो पहाटे पिकअप भरायचा, माझ्या पोर्चच्या थेट समोर. त्याने मला रोज अकोल्याला जाताना पाहिलं होतं. वळणावर झुकतानाही पाहिलं असेल. आणि गल्लीत, बाजारात, चौकात, जिथे एक वाक्य टाकलं असतं तर माझी उरलेली अब्रू गेली असती, तिथे तो गप्प राहिला होता.

"नाही," मी म्हणालो. "ते सोडलं."

"कायले सोडलं?" त्याला खरंच वाईट वाटलं. "चांगले चालवत होते तुमी. हात बरा होता. जराशी जल्दी कराचे, बस. एखांदा दिस किल्ली लावून पाहाची होती. आलं असतं."

मी पुढे वाकलो. दोन्ही हात त्याच्या सीटच्या पाठीवर ठेवले. म्हणालो, "सुखदेव." त्याने मान जराशी वळवली, कान माझ्याकडे केला. तोंडात शब्द होता, अगदी दातांपाशी आलेला. आणि दार उघडून ऋतुजा आली. हातात डबा, ओठांवर हसू. म्हणाली, "काकाजी, उतरा आता, नाही तर तुम्हालेच घेऊन जाईन अमरावतीले."

तो उतरला. एका हाताने भिंत धरून दाराकडे चालायला लागला. वाटेत एक बकरी बसली होती. त्याला ती दिसली नसेल, वास आला असेल. तो थांबला, छाती भरून घेतली आणि म्हणाला, "बाजूले." ढोरांचा सूर, थोडा खालून धरलेला. बकरी उठली. तो आत गेला.

गाडी कोपऱ्यावरून मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "माफ कर."

ऋतुजाने आरशात पाहिलं. "काही म्हणाले का, आबाजी?"

"काही नाही," मी म्हणालो. "समोर पाहा."